हिरव्या शाईचा शेरा

उदयसिंहाला मातीत घालायचं हे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवसापासून राजमतीला जेवण गोड लागायला लागलं. खोटं सांगत नाही. माणसं रागानं वाळतात, ही बाई रागावर पोसली.

झालं होतं असं. हुपरीत तिच्या घरच्या सोप्यात चांदी आटवायची भट्टी. नवराबायको मिळून पैंजण करायची. मागच्या साली नवा नियम निघाला, की घरापुढं वीस फुटी रस्ता नसेल तर भट्टी विनानोटीस सील. आता हुपरीच्या जुन्या गल्लीत वीस फुटी रस्ता शोधून दाखवा आणि बक्षीस घेऊन जा! सील ठोकायला कोल्हापूरहून खात्याचा साहेब स्वतः आला, तोच हा उदयसिंह. राजमतीच्या नवऱ्यानं, भूपालनं, भर गल्लीत त्याचे पाय धरले. साहेबानं पाय मागं घेतला, बुटाकडं बघितलं आणि म्हणाला, "माझ्यापुढं रडून काय उपयोग? विधानसभेनं केलेला नियम हाय." तेव्हापासून भूपाल बस्तीत, त्यांच्या जैन मंदिरातसुद्धा जाईना, देवदर्शनही सुटलं. दशलक्षण पर्व सरल्यावर राजमतीनं रीतीप्रमाणं साऱ्या गावाची क्षमा मागितली, साऱ्या गावाला क्षमा केली. एकट्या उदयसिंहाला वगळलं.

वकिली शिकणाऱ्या भाचीनं, आदितीनं, तिला खरं काय ते सांगितलं. "आत्ती, विधानसभा नुसता कायदा करते. त्याखालचे बारीक नियम खात्यातले साहेब लिहितात. मूळ कायद्यात नोटीस हाय, दंड हाय. सीलचं नावसुद्धा न्हाय. आणि ह्या नियमाचा मसुदा तुझ्या उदयसिंहानंच लिहिलाय." असले नियम कायद्याची चौकट सोडतात का, हे तपासायला आमदारांची एक समिती असते. ती समिती पुढच्या महिन्यात कोल्हापूरला येणार होती.

राजमतीपाशी दोन कागद होते. नियम पक्का करायच्या आधी मसुदा छापून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. तिनं कोल्हापूरच्या कचेरीत स्वतः जाऊन हरकत दिली होती. अर्ज घ्यायच्या टेबलावरच्या स्नेहल नावाच्या पोरीनं तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, शिक्का मारून पोच दिली. ती पोच हा पहिला कागद. पक्क्या नियमाच्या सुरुवातीलाच मात्र छापलं होतं, 'कोणतीही हरकत आली नाही.' दुसरा कागद तिनं माहिती अधिकारात थेट मुंबईहून काढला, उदयसिंहाला पत्ता न लागू देता. तिच्याच हरकतीची रंगीत झेरॉक्स, आणि वर साहेबाचा हिरव्या शाईतला शेरा, सहीतारखेसकट: 'घरबसल्या बायकांची हरकत. दखल नको. दप्तरी दाखल.'

"दोन्ही कागद एकदमच दे," आदिती म्हणाली.

"न्हाय. आधी पोच. त्याला खोटं बोलू दे. समितीपुढं खोटं बोलणं म्हणजे सभागृहापुढं खोटं बोलणं, तूच म्हणालीस न्हवं?" चूक केली तर साहेबाची फार तर बदली होते. राजमतीला तो आडवाच पाहिजे होता.

समितीच्या दिवशी सरकारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात उदयसिंहानं तिला गाठलं. तिच्याकडं पोच आहे ही कुणकुण त्याला लागली होती. "राजमतीबाई, संध्याकाळी सील काढतो. ती पोच तेवढी विसरा."

"सील ऱ्हाऊ द्या की साहेब," ती गोड हसली. "विधानसभेचा नियम हाय न्हवं!"

आत अध्यक्षबाई करड्या होत्या. पोच बघून त्यांनी चष्म्यावरून साहेबाकडं पाहिलं. "हरकत आली होती. मग 'आली नाही' असं कसं छापलं?"

राजमती जीव डोळ्यांत आणून बघत होती. उदयसिंह उठला आणि त्यानं वड्याचं तेल वांग्यावर काढलं. "मॅडम, आमच्या आवक टेबलावरच्या मुलीनं अर्ज पुढं पाठवलाच नाही. ती बघा, बसलीय."

हे काही राजमतीच्या हिशेबात नव्हतं. मागच्या खुर्चीवर स्नेहल ताडकन उभी राहिली. "न्हाय हो मॅडम, त्याच दिवशी मी सायबांच्या टेबलावर ठेवला होता..." पुढचं रडण्यात गेलं. एक आमदार खेकसले, "अशांना निलंबित करा आधी!"

राजमतीचा हात पिशवीत, कागदावरच होता. काढायचा आणि टेबलावर टाकायचा, एवढंच. पण साहेब अजून पुरता अडकला नव्हता. मी पाहिलंच नाही, असं तो अजून म्हणाला नव्हता.

"बाई, तुम्ही अर्ज कुणाच्या हातात दिलात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

राजमतीनं स्नेहलकडं बोट दाखवलं. "ह्या पोरीच्या." शब्द न् शब्द खरा होता.

उदयसिंहाला जोर चढला. "ऐकलंत? तो अर्ज मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेला नाही. शपथेवर सांगतो, लिहून घ्या."

लिहून घेतलं. मग राजमतीनं दुसरा कागद काढला, उलगडला, तळव्यानं सुरकुत्या काढल्या आणि अध्यक्षबाईंपुढं सरकवला. हिरवी शाई बघून उदयसिंहाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं बसायला खुर्ची चाचपली. आहाहा! ह्या घटकेसाठी तिनं वर्ष काढलं होतं. ती टक लावून बघत राहिली, पापणीसुद्धा हलवली नाही. नियम मागं घ्यायची शिफारस होणार, सील उद्याच निघणार, खोट्या साक्षीबद्दल साहेबावर हक्कभंग लागणार, अध्यक्षबाई एकेक सांगत होत्या. जाताना उदयसिंह तिच्या खुर्चीजवळ थबकला, हात जोडायला आला. राजमतीनं पाय मागं घेतला.

व्हरांड्यात स्नेहल भिंतीला टेकून तोंड पुसत होती. राजमती हसत तिच्याजवळ गेली. "सुटलीस की गं, पोरी!"

"सायबांनी माझं नाव घेतलं, तवा तो कागद तुमच्या पिशवीत होता?"

"व्हय."

"माझ्याकडं बोट दाखवलंत, तवाबी?"

"व्हय गं. त्याच्या तोंडून खोटं वदवून घ्यायचं होतं. तुझ्या केसालासुद्धा धक्का लागू दिला नसता मी."

स्नेहलनं तिच्याकडं नीट बघितलं. "आत जायच्या आधी सायबबी मला हेच म्हणालं होतं, मावशी. थोडा वेळ गप ऐकून घे, तुझ्या केसालाबी धक्का लागू देत न्हाय."

एवढं बोलून ती जिना उतरून गेली.