हंसिणीची चोच

खोक्यावर पाटी होती, ‘रद्द पुस्तकं, कुठलंही दहा सेंटला’. आत जुन्या शेतकी अहवालांखाली लविनिया टटलला स्वतः चितारलेलं, हंसिणीच्या गोष्टीचं पुस्तक दिसलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. व्हरमाँटमधल्या त्या एवढ्याशा गावाच्या वाचनालयाचा वार्षिक बाजार भरला होता, हिरवळीवर बायका निळ्या ब्लूबेरीचं सारण भरलेले गोड ‘पाय’ विकत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी पुस्तक उचलून तरातरा पायऱ्या चढली.

“हा काय प्रकार आहे, क्रेनसाहेब?”

वेंडेल क्रेन या नव्या ग्रंथपालांना बॉस्टनहून येऊन चार महिने झाले होते. त्यांनी पुस्तकामागचं कार्ड काढून दाखवलं. “बघा की. घरी नेल्याचा एकही शिक्का नाही. पाच वर्षं कुणी घरी नेलं नाही की पुस्तक काढून टाकायचं, असा नियम आहे. मनाला लावून घेऊ नका.”

“मनाला लावून घेऊ नका म्हणे! अहो, हे घरी न्यायलाच मनाई होती! एकाने नेलं की बाकीची पोरं भोकाड पसरायची, म्हणून आधीच्या ऑल्डेनबाईंनी ते कायम स्टोव्हजवळच्या सतरंजीवर ठेवलं. गावातलं प्रत्येक पोर त्याच्यासमोर पालथं पडून वाचायला शिकलंय. शिक्के कुठून येणार, कपाळ!”

“तसं कुठे लिहिलेलं नाही.”

लिहिलेलं नाही! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन हिवाळे खपून तिने हंसिणीच्या गोष्टीतल्या प्रत्येक रंगाच्या छपाईचा वेगळा जस्ती पत्रा हाताने रेखला होता. प्रकाशकाने युद्धात ते पत्रे भंगारात वितळवले, तिला साधं कळवलंसुद्धा नाही. पुन्हा छापणं गेलं. तिच्याजवळच्या प्रती वाटून संपल्या. उरली ही एक, आणि तिच्यावर या शहाण्याने ‘रद्द’ हाणलं होतं.

“परत ठेवा जागेवर.”

“रद्द झालेलं परत घेता येत नाही. देणगी द्या, समिती बघेल. फक्त फाटकी पुस्तकं समिती घेत नाही.”

तिने दहा सेंट टेबलावर आपटले. “झालं? आता हे माझं. माझं पुस्तक इथे बसून वाचू शकते ना, की त्यालाही समिती?”

ती गुडघे धरत सतरंजीवर बसली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली.

“टटलबाई, इथे शांतता…”

“तुम्ही पाळा!”

खिडक्या उघड्या होत्या. आवाज हिरवळीवर गेला. दूधवाल्याची पाच वर्षांची प्रूडन्स ब्लूबेरीने निळ्या झालेल्या तोंडानेच धावत आली, मागून सात-आठ पोरं. सगळी धपाधप पालथी पडली. पान पुरतं उलटायच्या आत प्रूडन्सचं बोट बरोबर हंसिणीच्या चोचीवर गेलं.

चोच तिथे नव्हतीच. नुसता पांढरा कागद होता. इतक्या वर्षांच्या बोटांनी पिवळा रंग पार पुसून नेला होता.

क्रेनसाहेब जवळ येऊन वाकले, बघतच राहिले.

“शिक्के हवे होते ना तुम्हाला?” लविनिया म्हणाली. “हे घ्या. मोजा.”

ते पानावर आणखी वाकले.

“ओ मिस्टर,” प्रूडन्स वैतागून म्हणाली, “सरका ना जरा, उजेड अडतोय.”