बसवरची लाल पाटी

वाहन-संग्रहालयाच्या शेडमध्ये सगळे हौसेनं राबणारे, पगार कुणालाच नाही. पण एक नियम पक्का होता. गाडीवर काम काढलं की स्टिअरिंगला लाल पाटी अडकवायची, आणि ज्यानं अडकवली त्यानंच ती काढायची. तोवर गाडी सुरू करायची नाही. या नियमापुढे अध्यक्षांचंही चालत नसे. जुन्या हिरव्या बसवर पाटी अडकवणारा मात्र तीन आठवड्यांपूर्वी गेला होता. म्हणून शनिवारी सकाळी अध्यक्षांनी त्याच्या मुलीला बोलावून घेतलं.

"उद्या लोक या बसमधून फेरी मारायला येणार. तुझ्या बाबांनी पाटीवर कारणच लिहिलं नाही. फिटरनं दोन दिवस इंजिन पिंजून काढलं, दोष औषधाला नाही. काढ पाटी. तूच वारस."

ती चालकाच्या जागेवर बसली. सीट बाबांनीच शिवली होती. टाके वाकडे, पण घट्ट. ती पाटीकडे हात नेणार, तोच पायाखालून बारीक चिवचिव आली. तिनं वाकून पाहिलं. शेपटी वरखाली नाचवत एक परीट पक्षी आला आणि चोचीतल्या अळीसकट पायरीखालच्या हत्यारपेटीच्या फटीत शिरला. ती उतरली, गुडघ्यांवर बसली. आत पाच उघड्या चोची.

बाबांनी कारण का लिहिलं नव्हतं, ते तिला लख्ख कळलं. गेल्या वर्षी ट्रामच्या पाटीवर त्यांनी 'घरटं आहे' असं लिहिलं होतं. अध्यक्षांनी घरटंच उचलून झाडावर ठेवायला लावलं, आणि संध्याकाळपर्यंत कावळ्यांनी कारभार उरकला. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते.

"पाटी राहणार," ती म्हणाली. "खाली पिल्लं आहेत."

फिटरकाकांनी कपाळाला हात लावला. "दोन दिवस मी इंजिनाची नाडी बघतोय, आणि बाळंतीण शेजारच्या खोलीत!"

अध्यक्ष हसले नाहीत. "हलवू दुसरीकडे."

"गेल्या वर्षी हलवली होतीत."

"हे बघ पोरी, तुझं दुःख मला कळतं..."

"माझ्या दुःखाचं राहू द्या, काका. पाटीचं बोला."

"अडकवणाराच राहिला नाही. नियम त्याच्याबरोबर संपला."

फिटरकाकांनी हातातला पाना बाकावर आपटला. "संपला? मग आजपासून मी एकाही गाडीखाली शिरत नाही. पाटी कधी काढायची ते तुम्ही ठरवणार, तर खाली उताणं पण तुम्हीच झोपा!"

शेडमधल्या बाकीच्यांचे हात थांबले. कुणीच पुन्हा कामाला लागेना. अध्यक्षांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तरातरा बाहेर निघून गेले.

रविवारी दहापासून ती बसच्या दाराशी उभी होती.

"बस का नाही चालत?"

"पायरीखाली पिल्लं आहेत."

"मग कधी चालणार?"

"ती उडतील तेव्हा."

कुणी कुरकुरलं, कुणी वाकून बघून आलं. एका बाईंनी तर प्रवास फुकट गेला म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. तिनं ऐकून घेतलं, जागची हलली नाही.

दुपारी अध्यक्ष शेजारी येऊन पुटपुटले, "निदान 'दिलगीर आहोत' एवढं तरी म्हण."

"नाही म्हणणार," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे वळली.