दोन सह्यांचं कलम

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्याचे मालक दोघे. पेशंटचं माप घेणं आणि त्याला पुन्हा चालायला शिकवणं हे मास्तरांचं काम. प्लास्टरचा साचा घासून त्यावर पाय बेतणं हे ताईचं. चौदा वर्षं निम्मी-निम्मी भागीदारी होती. इतक्या वर्षांत भांडण झालं ते फक्त पंख्यावरून: ताईला सतत उकडायचं आणि मास्तर मे महिन्यातही स्वेटर घालून बसायचे.

भागीदारीचा करार चार पानांचा होता. तो करताना वकीलबाईंनी एक कलम सुचवलं होतं: आजारपणामुळे एकाला निर्णय घेता येत नसेल तर दुसऱ्याने एकट्याने सही करावी. ताईने ते स्वतः पेन घेऊन खोडलं. ती एकोणीस वर्षांची असताना तिचे वडील अंथरुणाला खिळले होते, कधी शुद्धीवर असत, कधी नसत. तेव्हा काकाने त्यांचा अंगठा धरून कागदावर टेकवला आणि चालता धंदा स्वतःच्या नावावर करून घेतला. ताई दारात उभी राहून बघत होती. म्हणून तिने लिहून घेतलं, की कारण कोणतंही असो, दोघांच्या सह्यांशिवाय कुठलाही कागद चालणार नाही. मास्तर हसले होते. म्हणाले, तुला झोप लागणार असेल तर दोनाच्या चार सह्या करतो.

एका मंगळवारी सकाळी मास्तर एका शिक्षकाला दोन लोखंडी कठड्यांच्या मधून चालवत होते. शिक्षकाचा पाय अपघातात गेला होता आणि नव्या पायाची ती पहिलीच चाचणी होती. चालवता चालवता मास्तर स्वतःच खाली बसले. शिक्षकाने कठडा सोडून त्यांना धरायला हात पुढे केला आणि दोघेही कोसळले. मास्तरांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. आठवड्याने मास्तरांनी डोळे उघडले, पण नजर कुणावरच ठरत नव्हती.

कारखान्याच्या जागेचा भाडेकरार संपायला तेव्हा बारा दिवस उरले होते. जागामालक रोज हॉस्पिटलमध्ये चौकशी करायचा, पण एका सहीवर करार वाढवायला तयार नव्हता. तुमच्याच करारात दोन सह्या लिहिल्यात, म्हणाला, उद्या माझ्यावर शेकायला नको. शिवाय औषधांच्या दुकानासाठी एकजण ती जागा मागतच होता. ताईने दुसऱ्या जागा पाहिल्या. दोन वरच्या मजल्यावर निघाल्या; तिथे पाय नसलेल्या माणसांनी चढायचं कसं? एक तळमजल्याची मिळाली, पण तिच्याही कागदावर दोघांच्या सह्या लागणारच होत्या.

वकीलबाईंनी सांगितलं, की मास्तरांच्या पत्नीला कोर्टाकडून पालक म्हणून नेमून घ्यावं लागेल आणि त्याला निदान सहा महिने जातील.

"ते कलम असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं," त्या म्हणाल्या. बोलण्यात खोच नव्हती, म्हणूनच ते ताईला जास्त लागलं.

त्या दुपारी टेबलावरच्या प्लास्टरच्या धुळीत तिने बोटाने मास्तरांची सही काढून पाहिली. हुबेहूब जमली. तिने घाईघाईने हात फिरवून ती पुसली.

मुदतीला दोन दिवस असताना ती हॉस्पिटलमध्ये गेली. मास्तरांच्या पत्नीला ती वहिनी म्हणायची. डॉक्टरांना भेटून येईपर्यंत बस, असं सांगून वहिनी बाहेर गेल्या. भाडेकराराचा कागद ताईच्या पिशवीतच होता. ही काही खोटी सही नाही, तिने स्वतःला समजावलं. हात त्यांचाच आहे, आणि शुद्धीवर असते तर त्यांनी डोळे मिटून सही केली असती. तिने मास्तरांच्या बोटांत पेन दिलं, वरून आपली मूठ धरली आणि ते कागदावर टेकवलं. सहीतली पहिली उभी रेघ उमटली.

मास्तरांनी हात मागे ओढला. जोर फारसा नव्हता, पण ओढला.

"झालं, मास्तर, एवढंच," ताई म्हणाली.

काका अगदी हेच म्हणाला होता, याच हळू आवाजात. तिच्या हातून पेन गळून पडलं.

वहिनी परत आल्या तेव्हा कागद चादरीवरच होता. ताईने काही लपवलं नाही. वहिनींनी ऐकून घेतलं, मास्तरांच्या बोटाला लागलेली शाई रुमालाने पुसली आणि म्हणाल्या, "मी नसताना यांच्याजवळ बसू नकोस."

ताईने तो कागद फाडला. मुदत संपली. शेवटच्या दिवशी ट्रक दारात उभा असताना ताईने शिक्षकाला बोलावून घेतलं. त्याच्या पायाचा तोल लावायचा राहिला होता. ते काम मास्तरांचं, तिच्या हाताला त्याची सवय नव्हती. चार वेळा स्क्रू सैल केले, चार वेळा आवळले. शिक्षक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. थोडा लंगडत, पण चालला. तो बाहेर पडल्यावर कामगारांनी कठडे उखडले.

कोर्टाचा आदेश सातव्या महिन्यात आला. तोवर चारही कामगार दुसरीकडे लागले होते. वहिनींनी भागीदारी मोडायचं ठरवलं. वकीलबाईंच्या ऑफिसात त्यांनी मास्तरांच्या वतीने सही केली, ताईने स्वतःची. भट्टी आणि यंत्रं विकायची ठरली. वादाचं काही उरलंच नव्हतं. जिन्यावरून उतरताना वहिनी एवढंच म्हणाल्या, की मास्तर आता भात स्वतःच्या हाताने खातात.

ताई आता एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात नोकरी करते. मापं तिथे कॉम्प्युटरवरून येतात. साचा घासायला घेण्याआधी ती पेशंटला समोर बसवून प्रत्येक माप पुन्हा टेपने मोजून बघते.