नळावरची ओंजळ

"आजी, हात धुतल्याशिवाय आत सोडणार नाही," सिस्टर म्हणाली. पोरगी जेमतेम पंचविशीची, पण दरारा असा की आयाबाईंना हसूच आलं. तीस वर्षं दुसऱ्या एका दवाखान्यात आयाचं काम करताना त्यांनीही लोकांना हेच ऐकवलं होतं.

हसू टिकलं नाही. काचेपलीकडे नात होती, वेळेआधी आलेली, तीन दिवसांची. तिला रोज तासभर कुणीतरी उराशी धरायला हवं होतं. सून अजून उठत नव्हती, मुलगा सर्दीनं बेजार. उरल्या आयाबाई, आणि त्या दोन दिवस काही ना काही सबबी सांगून टाळत होत्या.

कारण त्यांची पहिली मुलगी नऊ दिवसांत गेली होती. "हातांतून जंतू गेले असतील," एवढंच डॉक्टर म्हणाले. कुणाच्या हातांतून, ते काही बोलले नाहीत. बाईंनी ते आपल्याच हातांवर घेतलं आणि जन्मभर वागवलं.

बेसिनपाशी रांग होती. एका डॉक्टरनं हात धुतले, मग ओंजळभर पाणी नळावर ओतून तो बंद केला. त्याच्या मागे उभ्या एका ट्रकवाल्या बापानं तेच केलं. त्याच्या मागच्या म्हातारीनंही.

"आई, बघितलंस का?" मुलगा मास्कमधून कुजबुजला. "सगळे तुझ्यासारखंच करतायत."

बाई बघतच राहिल्या. पंचवीस वर्षांपूर्वी हात धुण्याच्या जाहिरातीसाठी त्यांचे नुसते हात घेतले होते. "बाई, नळ कशाला धुताय? वेळ जातो," कॅमेरावाला करवादला होता. "घाण हातानं उघडलाय तो. तसाच बंद केला तर धुऊन काय मिळवलं?" बाईंनी ठणकावलं. पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा नळ धुतला. शेवटी त्यानं नाद सोडला. पुढे वर्षानुवर्षं ते हात रोज बातम्यांआधी घरोघरी दिसले.

"नळ धुवायला कुणी शिकवलं गं तुम्हाला?" बाईंनी सिस्टरला विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? लहानपणी टीव्हीवर एक बाई दाखवायचे, नुसते हात. आमची अख्खी शाळा तसंच करायची."

"अहो सिस्टर, ती बाई म्हणजे..." मुलगा पुढे सरसावला. बाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. केवढी माणसं, केवढे नळ, आणि त्यांतलं एकही माणूस ओळखीचं नाही. त्या माणसांची किती लेकरं नऊ दिवसांच्या पुढे गेली असतील, याचा बाईंना अंदाजच करवेना.

त्यांची पाळी आली. त्यांनी सावकाश हात धुतले. नळावर ओंजळ ओतली, मग आणखी एक ओतली.

आत सिस्टरनं नातीच्या काचेच्या पेटीचं झाकण उघडलं. बाई ओले हात वर धरून तशाच उभ्या राहिल्या.

"घ्या ना आजी," सिस्टर म्हणाली. "मी बघितलंय. तुमचे हात स्वच्छ आहेत."

बाईंनी हात कोरडे केले आणि नातीला उचलून घेतलं.