रुपरावांनी निवडलेलं हलकं मशीन

बाळांनो, जरा कल्पना करा. दुसरीतला एक मुलगा तुम्ही खांद्यावर घेतलाय आणि एसटीच्या पायऱ्या चढताय. हा मुलगा तुमच्या गळ्याला धरत नाही, अंग सैल सोडत नाही, आणि त्याला आठ टोकदार कोपरे आहेत. मागून कंडक्टर म्हणतोय, "चला चला, लवकर."

एवढ्या वजनाचं एक लोखंडी मशीन रुपरावांनी बारा वर्षं वाहिलं.

ते मशीन नरखेड तालुक्यातल्या एका गावच्या महिला भजन मंडळाचं होतं. गावोगावच्या देवळांत स्पीकरच्या पेट्या असतात, पण त्या पेट्यांना ताकद देणारं मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, मंडळाला आपलं न्यावं लागे. रुपरावांची संत्र्याची बाग होती. भजन त्यांना जिवापाड आवडे, पण गळा साथ देत नसे आणि मंडळ तर बायकांचं. मशीन उचलायचं, एका बाजूला बसायचं, शेवटची आरती होईस्तोवर ऐकायचं, ही त्यांची रीत.

यंदा दोन गोष्टी एकदमच झाल्या. मशीन जळालं, आणि डॉक्टरांनी रुपरावांना सांगितलं, पाठ सांभाळायची असेल तर आता वजन उचलायचं नाही. वाहणं संपलं म्हणजे मंडळासोबत जाणंही संपलं, असं रुपरावांच्या मनानं घेतलं. बोलले मात्र कुणाजवळच नाहीत.

कुही गावच्या देवळातून भजनाचं बोलावणं आलं होतं. मंडळाच्या प्रमुख रुखमाबाई बैठकीत म्हणाल्या, "ज्यानं बारा वर्षं वाह्यली, त्यानंच नवी निवडावी. आपल्यावर लय उपकार हायेत त्याइचे." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. म्हणून रुपराव, रुखमाबाई आणि रुखमाबाईंची अकरा वर्षांची नात मिनल असे तिघं सकाळच्या बसनं नागपूरला निघाले.

सीताबर्डीच्या एका गल्लीत जितेंद्रचं दुकान होतं. त्यानं पाणी दिलं आणि विचारलं, "पेट्या कोणत्या लावणार?"

मिनलनं वही उघडली. कुहीच्या देवळात फोन करून पेटीच्या मागची पट्टी तिनं वाचून घेतली होती. "आठ ओहम, दोनशे वॅट. दोन पेट्या."

"वा. मोठी माणसंबी हे लिहून आणत नाहीत," जितेंद्र म्हणाला आणि त्यानं तीन मशीनं काढली.

पहिल्याच्या खोक्यावर केवढा तरी मोठा आकडा छापला होता. मिनलनं खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचली. "दादा, पुढं तीन हजार हाय अन् मागं आठ ओहमले दीडशेच लिवलं हाय."

"मागचंच खरं. दोनशेच्या पेटीले हे कमी पडते," जितेंद्र हसला आणि त्यानं ते बाजूला ठेवलं. उरलेली दोन्ही आठ ओहमला तीनशे वॅटची होती, किमतीलाही जवळपास सारखी. एक जुन्यासारखंच जड. दुसरं शाळेच्या दप्तराएवढं.

रुपरावांनी हलकं मशीन एका तळव्यावर घेतलं. लगेच खाली ठेवलं.

"पोकळ हाय."

"काहून जी आबाजी?" मिनलनं विचारलं.

"तुले संत्रं घेता येते ना वं? हातात जड लागते ते रसाचं. हलकं निघालं की आत नुसती साल. हे तसंच हाय."

संत्र्याच्या बाबतीत रुपरावांचा हात कधी चुकला नव्हता, आणि बोलणं बागवाल्याचं आहे हे ओळखून जितेंद्र हसला नाही. त्यानं नीट सांगितलं, "काका, जड मशीनमध्ये लोखंड अन् तांब्याचा मोठा गोळा राहते. तो मोठी बादली भरून भरून वीज देते. हलक्यात छोटा गडवा हाय, पण तो सेकंदाले हजारो खेपा मारते. टाकी तेवढीच भरते."

"जड घेऊ," रुपराव म्हणाले. "उचलाले दोन पोट्टे सोबत नेऊ. मी त्याइले दाखवत जाईन, कसं धरायचं ते."

निवड रुपरावांचीच, असं रुखमाबाईंनीच तर सांगितलं होतं; आता त्या मोडता कसा घालणार? मिनल मात्र हळूच म्हणाली, "आबाजी, संत्रं तर तुम्ही खाऊनबी पाहता ना? मग ऐकून पाहा."

दुकानातली पेटी दाराशी आली. रुपराव रस्ता ओलांडून चहाच्या टपरीजवळ पाठ करून उभे राहिले. रुखमाबाईंनी माइक धरला, डोळे मिटले आणि तेच कडवं दोनदा म्हटलं, एकदा जड मशीनवर, एकदा हलक्यावर. दोन्ही खेपेला चहावाल्यानं गाळणं हातातच धरून ठेवलं.

रुपराव परत आले.

"कोणतं चांगलं होतं जी?" मिनलनं विचारलं.

"खरं सांगू? मले मशीन ऐकूच नाही आली. दोन्ही खेपेले रुखमाबाईच ऐकू आली."

"मग झालंच की," रुखमाबाई म्हणाल्या. "हलकी घेऊ, भाऊ. तुमच्या पाठीलेबी आराम."

रुपरावांनी हलक्या मशीनची मूठ नुसतीच दाबली. "घ्या. आता तुमची तुम्हीच न्याल. मी काय करून राहिलो तिथं मग?"

आता कुठं मिनलला सगळं कळलं. मशीनच्या तोंडावर एक लाल दिवा होता, त्यावर बोट ठेवून तिनं जितेंद्रला विचारलं, "हा कायचा?"

"हा पेटत राहिला म्हणजे आवाज जास्त झाला. लगेच उतरवायचा, नाही तर पेट्या फाटतात. अन् मागच्या जाळीतून हवा जाऊ द्यायची. त्यावर कपडा नको."

रुखमाबाईंनी जीभ चावली. जुनं मशीन चालू असतानाही त्या धूळ बसू नये म्हणून त्यावर शाल घालत. देवासारखं जपत, आणि त्यानंच ते गुदमरत असावं.

"आजी, गाताना तू हा दिवा पाहशील का?"

"मी कशी पाहीन वं? माझे डोळे तर मिटलेले राहतात."

"अन् तुझ्याजवळ बसते ती मनकर्णा आजी?"

"तिचे दोन्ही हात खंजिरीत. बाकीच्याइचे टाळात." रुखमाबाई रुपरावांकडे वळल्या. "भाऊ, एवढ्या वर्षांत आमचं एकूण एक भजन कान देऊन ऐकणारा तुमच्याशिवाय कोण हाय? कुठं आवाज चढते, कुठं उतरते, तुम्हालेच ठाऊक. तुम्ही मशीनजवळ नाही बसले तर आम्ही कुहीले जात नाही."

रुपरावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला आणि खाली वाकून तो दिवा नीट पाहिला.

"जितेंद्र, हे बटन हळूच फिरते की झटक्यानं, दाखव बरं."

जितेंद्रनं दाखवलं. मग रुपरावांनी स्वतः तीन-चारदा फिरवून पाहिलं, मशीनच्या मागं हात धरून हवा येते का तेही पाहिलं, आणि म्हणाले, "हेच बांधा."

गणेशपेठच्या बसस्थानकावर नरखेडची गाडी लागली तशी गर्दी दाराकडे धावली. मिनलनं मशीनची पिशवी आजीच्या हातात दिली. एकट्या रुखमाबाईही ती सहज धरू शकत होत्या. मिनल गाडीच्या बाजूनं पळाली, टाचा उंचावल्या आणि एका उघड्या खिडकीतून आपला रुमाल आतल्या बाकावर टाकला.

"ही जागा आमच्या आबाजीची हाय," ती आतल्या लोकांना म्हणाली, आणि तिथंच खिडकीची दांडी धरून रुपराव चढेपर्यंत उभी राहिली.