न दिसण्यासाठी शिवलेला झगा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा झगा आहे. जुना म्हणजे वर्षभराचाच, पण या घरात राहून मला जगाचा वीट आला आहे. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला एका आईने शिवले. ती शिवणकाम करते. गल्लीतल्या निम्म्या घरांचे कपडे तिच्या मशीनखालून गेले आहेत. तिचा मुलगा संगणकावरून थेट कार्यक्रम करतो. मुखवटा लावून, आवाज बदलून. विषय एकच, आईवडिलांना कसे जपावे. पाठीमागच्या भिंतीवर त्याने इस्त्री केलेले हिरवे कापड ताणून बसवले, सावली पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना दिवे लावले. संगणक हिरवे तेवढे पुसून टाकी आणि तिथे भलेमोठे ग्रंथालय दाखवी. घरात पुस्तक म्हणाल, तर शेगडीबरोबर आलेले माहितीपत्रक.

अडचण एकच होती. न्हाणीघराची वाट त्याच्या पाठीमागून जात होती, आणि आईला सगळेच ओळखत. ती दिसली की मुखवट्याचे सोंग संपले. म्हणून उरलेल्या कापडातून त्याने तिच्याकडूनच मला शिवून घेतले. डोके, तोंड, सगळे झाकणारा, पोटऱ्यांपर्यंत. मला घालून ती मागून गेली की पडद्यावर कोणीच नसे. लेकाला केवढी अक्कल, म्हणून तिला कौतुक वाटे. मला शिसारी येई.

एकदा कुणीतरी लिहिले, तुमच्या पुस्तकांतून दोन पावले चालत गेली. मुलगा आईवरच चिडला. तिने निमूटपणे मला खाली पट्टी जोडली. तेव्हापासून मी ओल्या फरशीवरची घाण गोळा करत तिच्या पायांत येऊ लागलो.

व्हायचे तेच झाले. तो लोकांना सांगत होता, आईचा हात कधी सोडू नका. मागे तिचा पाय माझ्या काठात अडकला आणि ती कोसळली. मोठा आवाज झाला. त्याने वळूनही पाहिले नाही.

"मागे पुस्तक पडलं वाटतं," एवढे म्हणून तो पुढे बोलत राहिला. लोक पडद्यावर लाल बदामांची चित्रे पाठवत होते. कण्हणे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ती मला दातांत घट्ट धरून पडून राहिली. मित्रांनो, त्या माणसाची मला इतकी किळस कधी आली नव्हती.

सगळे आटोपल्यावर त्याने मला तिच्या तोंडावरून बाजूला केले. तिचा पाय मोडला होता.

"मी दिसले नाही ना रे?" तिने विचारले.

"नाही," तो म्हणाला.

तिला हायसे वाटले.

आता ती पलंगावर आहे आणि मी खुंटीवर. इतर कपडे तुम्हाला विनवतील, आम्हाला जपा, नीट घडी घाला. माझे तसे काही नाही. मला टराटरा फाडा, माझी फडकी करा, मोरी पुसा. फक्त ती बरी होऊन मला पुन्हा डोक्यावरून ओढून घेईल, त्याच्या आत करा.