सापडलेल्यांची आई

गिलेन त्रूवेने लाव्हाल शहरात एकतीस वर्षं घरोघर टपाल वाटलं. पाकिटावरचं आडनाव वाचून माणूस मूळचा कुठला हे सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या आडनावाचं मात्र तिला कधी कुतूहल वाटलं नाही. त्रूवे म्हणजे 'सापडलेला'. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या या मुलखात ते जागोजाग भेटतं. तिच्या एका फेरीतच त्रूवेंची तीन घरं होती. "नातेवाईक का हो तुमचे?" असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "छे! पूर्वी कुणी टाकून दिलेलं पोर सापडलं की त्याला हेच नाव चिकटवायचे. आमच्यात रक्ताचा थेंबही सारखा नाही."

ती निवृत्त झाली त्या वर्षी तिच्या मुलीला, नोएमीला, दिवस गेले. सातव्या महिन्यात पोरीने हट्ट धरला, "बाळाला आपलंच आडनाव लावणार. पण आधी ते आलं कुठून ते बघून ये. टाकून दिलेल्यांचं नाव लावायचं, तर निदान कुणी टाकलं ते तरी कळू दे."

म्हणून नोव्हेंबरातल्या एका दुपारी गिलेन सँ-ओबेर या लहानशा गावी आली. गावच्या कचेरीत ह्युरेल नावाचा पोट सुटलेला कारकून होता. त्याने जुन्या नोंदवह्या टेबलावर मांडूनच ठेवल्या होत्या.

"तुमचे खापरपणजोबांच्याही मागचे ते आंब्रोआज. १८११," तो म्हणाला. "धुण्याच्या कुंडाच्या कट्ट्यावर सापडले. दोन दिवसांचे."

"आणि या बाकीच्या वह्या?"

"त्यापण बघाच, मादाम."

१८३८, रोझाली. १८६७, प्रॉस्पेर. १८९३, युफ्राझी. १९३४, आतेनाईस. पाचही जण त्याच कट्ट्यावर सापडलेले. शेवटच्या वेळी तर असलं नाव देण्याची रीतही मोडली होती, तरी कारकुनाने त्रूवेच लिहिलं होतं. प्रत्येक नोंदीखाली साक्षीदाराचा जबाब होता. अक्षर वेगळं, शाई वेगळी, बाई तीच: तपकिरी शाल, डाव्या पायाने लंगडणारी, गावात कुणाच्याच ओळखीची नाही.

गिलेनने मनातल्या मनात हिशेब केला. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकशे तेवीस वर्षं.

"दणकट बाई म्हणायची," ह्युरेल म्हणाला, पण हसला नाही.

चौघांच्या पुढच्या नोंदी होत्या. लग्नं, मुलं, म्हातारपणीचे मृत्यू. आतेनाईस तर अजून हयात होती. रोझालीची मात्र एकच नोंद होती. नवव्या दिवशी गेली. दफन, चर्चच्या आवारात, उत्तरेकडच्या भिंतीलगत. गिलेनने सगळं वहीत उतरवून घेतलं.

"आतेनाईसबाई कुंडापाशीच राहतात," निघताना ह्युरेल म्हणाला. "ओळख करून देत बसू नका. त्यांना कळतं."

नव्वदीच्या आतेनाईसने दार उघडलं, गिलेनला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आंब्रोआजकडची. कान तसेच आहेत. ये, सूप गरम आहे."

"तुम्ही आंब्रोआजला कुठे पाहिलंत? तो तर..."

"मी नाही पाहिलं. आईने सांगितलंय, कान कसे होते ते."

गिलेनने चमचा खाली ठेवला. म्हातारीने पाव तोडून तिच्या ताटलीत टाकला.

"आईने म्हणजे कुणी?"

"आई किती असतात गं माणसाला? एकच ना?" आतेनाईस म्हणाली. "लोक म्हणतात त्रूवेंच्यात नातं नसतं. म्हणेनात! दरवर्षी या दिवसांत ती खाली कुंडावर येते. मी सहा वर्षांची असल्यापासून भेटते तिला. आपल्यातलं बाहेरगावचं कुणी आलं तर हटकून येते. आज येईल. घाबरू नकोस, ती काही करत नाही. फक्त विचारते."

"काय विचारते?"

"पोरं कशी आहेत ते. ठाऊक असेल ते सांग. पण रोझालीचं विचारलं तर ठाऊक नाही म्हणायचं. आपण सगळे तेच म्हणत आलोय. कळलं?"

गिलेनला कळलं नाही. नव्वदीच्या बाईचं डोकं फिरलं असेल, असं स्वतःला समजावत ती चार वाजता उतार उतरून कुंडापाशी गेली. मोटार तिथेच पलीकडे उभी होती. जाता जाता तो कट्टा एकदा बघावा, एवढंच तिच्या मनात होतं.

तीन बाजूंनी उघडी कौलारू शेड, मधे काळं, स्थिर पाणी. पलीकडच्या काठावर एक बाई गुडघे टेकून तान्ह्या मुलाचं दुपटं पिळत होती. पिळत होती, पुन्हा पिळत होती, आणि त्यातून एक थेंबही पडत नव्हता. ती हात पाण्यात बुडवायची तरी पाणी हलत नव्हतं.

गिलेनला पळावंसं वाटलं, पण बाईने मान वर केली होती. वीस-बावीसची असेल. गिलेनच्या वडिलांची हनुवटी त्या चेहऱ्यावर होती.

"तू कुणाची?" बाईने विचारलं. आवाज साधाच होता, जरासा बसलेला.

"आंब्रोआजची," गिलेन म्हणाली. आपण उत्तर दिलं याचंच तिला नवल वाटलं.

"त्याला थंडी वाजत होती. शाल एकच होती माझ्याकडे. जगला का तो?"

"जगला. एक्काहत्तर वर्षं. सुतार होता. सात मुलं झाली त्याला."

बाईने दुपटं छातीशी धरलं. "सात," ती म्हणाली. "आणि प्रॉस्पेर?"

प्रॉस्पेर गाड्या हाकायचा, गिलेनने सांगितलं. युफ्राझीने दोनदा लग्न केलं हे ऐकून बाई चक्क हसली. "दोनदा! बाई गं!" गिलेनला रडू आणि हसू एकदमच आलं. थंडी इतकी वाढली होती की तिच्या तोंडातून वाफा निघत होत्या. समोरच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

"आणि माझी रोझाली?"

ठाऊक नाही, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण इतकी वर्षं टपाल वाटताना गिलेनने वाईट बातमीचं पाकीट कधी दारातून परत नेलं नव्हतं. ती ते हातात द्यायची आणि पाकीट फोडून होईपर्यंत थांबायची. समोरची बाई उत्तरासाठी पुढे झुकली होती, आणि किती वर्षं ती अशी झुकून विचारत होती कुणास ठाऊक.

"रोझाली नाही जगली," ती म्हणाली. "नऊ दिवसांनी गेली. तिला एकटीला नाही सोडलं कुणी. वर चर्चच्या आवारात पुरलंय, उत्तरेच्या भिंतीपाशी."

बाई उठली, दुपट्याची नीट घडी घातली आणि डावा पाय ओढत चढ चढू लागली. गिलेन मागोमाग फाटकापर्यंत गेली. आवारात कुणी नव्हतं. फक्त उत्तरेच्या भिंतीलगत उंच गवत हळूहळू, एका बाजूने, खाली दबत गेलं. कुणीतरी कुशीवर आडवं होत असावं तसं.

गिलेन परतली तेव्हा आतेनाईस दारातच उभी होती. "काय सांगितलंस तिला?"

गिलेनने सांगितलं.

"अगं सटवे!" म्हातारीचा आवाज फाटला. "काय बोलून बसलीस! रोझालीचा पत्ता लागत नव्हता म्हणूनच तर ती यायची! आता कशाला येईल? माझं काय? मी जिवंत आहे ना? मला बघायला कोण येणार आता?"

"मला वाटलं, तिला..."

"तुला वाटलं! चार तासांत तुला सगळं वाटलं! ऐंशीच्या वर वर्षं सांभाळलं होतं मी!" तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर बाई कुंडावर आली नाही. ह्युरेलने फोनवर सांगितलं, आतेनाईस रोज चार वाजता कट्ट्यावर जाऊन बसते आणि अंधार पडल्यावर कुणीतरी तिला हाताला धरून घरी आणतं. गिलेन दर गुरुवारी गावी जायची. पहिल्या दोन्ही खेपांना दार उघडलं नाही. तिने पायरीवर सफरचंदाचा केक ठेवला आणि परतली. तिसऱ्या खेपेला केकचं रिकामं ताट धुऊन पायरीवर ठेवलेलं होतं.

जानेवारीत नोएमीला मुलगा झाला. कागदावर त्रूवे हेच आडनाव लागलं. पुढच्या गुरुवारी गिलेनने बंद दारातूनच ते सांगितलं. मग कडी निघाली.

"वजन किती?" आतेनाईसने विचारलं.

"साडेतीन किलो."

"कान?"

"तेच."

म्हातारीने कोट चढवला. "मला वर घेऊन चल. एकटीने चढवत नाही."

गवतावर, थडग्यांवर, भिंतीवर सगळीकडे पांढरं दहिवर गोठलं होतं. उत्तरेच्या भिंतीलगत तेवढा माणसाच्या लांबीचा तुकडा हिरवा होता, आणि तिथलं गवत अजून दबलेलंच होतं. आतेनाईस गुडघ्यांवर बसली. तिने हातमोजा काढला आणि तळहात जमिनीवर टेकवला.

"ऊब आहे," ती म्हणाली.

"उठता का? गारठा फार आहे."

"बस जरा वेळ."

गिलेन शेजारी बसली. घाबरत, हळूच, तिनेही हात टेकवला. जमीन खरोखरच उबदार होती, आणि हाताखाली फार सावकाश वर येत होती, खाली जात होती.